दुधनेचा पाठ

कौसल्याबाई राजूरच्या शाळेत चौथीला भूगोल शिकवायच्या आणि राहायच्या जालन्यात, मस्तगडला. २००९ साली त्यांचं नाव शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणात घातलं गेलं. संगणकावर असे पाठ बनवायचे की मुलांनी चित्रावर माऊस दाबला तर आवाज यावा आणि उत्तर दिलं की लगेच चूक की बरोबर ते कळावं. बाईंच्या घरी संगणक नव्हता. दर रविवारी त्या गल्लीतल्या नेट कॅफेत जाऊन बसत.

प्रशिक्षणात प्रत्येकाला एक जोडीदार होता. एकाने पाठ बनवायचा, दुसऱ्याने तपासायचा. बाईंच्या वाट्याला आले अंबड तालुक्यातल्या एका लहानशा गावचे फकरोद्दीन सर. दोघांची कधी भेट झाली नव्हती, फोनही नाही. फक्त निरोप यायचे. शेवटच्या आठवड्यात सरांनी लिहिलं, ‘बाई, जिल्ह्यातल्या नद्यांचा पाठ पाठवलाय. दुधना गोदावरीला मिळते असं घातलंय, पण मला शंका आहे. तुम्ही भूगोलाच्या. तुमचं उत्तर आल्यावरच माझा आवाज भरतो.’

त्या रविवारी बाईंच्या घरी पाहुणे यायचे होते आणि मुदत संध्याकाळी संपत होती. त्यांनी पाठ उघडलाच नाही. ‘तपासले, बरोबर आहे’ या ओळीपुढे खूण केली आणि उठल्या.

तीन महिन्यांनी जालन्यात प्रमाणपत्रांचा कार्यक्रम झाला. फकरोद्दीन सरांचं नाव पुकारलं. कोणी उठलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा मागून एक जण म्हणाला, “गेले ते. दीड महिना झाला. वर्गातच छातीत दुखाया लागल्तं.”

बाईंना तिथे बसवेना. प्रमाणपत्र हातात पडताच त्या भर दुपारी कॅफेत आल्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी प्रशिक्षणाचं संकेतस्थळ उघडलं. फकरोद्दीन सरांच्या नावापुढे हिरवा दिवा होता. ‘आत्ता उपस्थित.’

त्यांनी पहिल्यांदाच तो पाठ उघडला. नकाशा आला. जाड, मायाळू आवाज कानात बोलला, “सांग बेटा, दुधना कोणाला मिळते?” खाली दोन नावं होती, पूर्णा आणि गोदावरी. बाईंना उत्तर ठाऊक होतं. त्यांनी पूर्णा दाबलं.

“न्हाई बेटा. परत बघ.”

त्यांनी पुन्हा तेच दाबलं. आवाज जराही चिडला नाही. “न्हाई बेटा. परत बघ.” मग त्यांनी गोदावरी दाबलं. “बराबर! शाब्बास!”

बाईंनी कानावरचे हेडफोन काढून ठेवले.

पण आवाज काही कानातून गेला नाही. राजूरच्या वर्गात फळ्यावर नदीची रेघ ओढली की खडू थांबायचा. पाठमोऱ्या असताना कोणी तरी अगदी हळू म्हणायचं, न्हाई बेटा. त्या वळून बघायच्या. मुलं गप्प, वहीत डोकं घालून बसलेली. शाळेच्या दिवशी जेव्हा जेव्हा कॅफेत डोकावल्या, तेव्हा तो दिवा हिरवाच दिसला. शेवटी रजा टाकून त्या वडीगोद्रीच्या गाडीत बसल्या आणि तिथून जीपने सरांच्या गावी गेल्या.

शाळा दोन खोल्यांची. भुजंग सर नावाचे तरुण शिक्षक आता वर्ग सांभाळत होते. कोपऱ्यात संगणक, त्याच्याभोवती पोरं, आणि तोच आवाज.

“संगणक फकरोद्दीन सरांच्याच नावानं चालू असतो,” भुजंग सर म्हणाले. “नेटसाठी फोनची लाइन त्यांनीच खटपट करून आणल्ती. मी बंद केलं की पोरं रडाया लागतात. मंग राहू देतो.”

दिव्याचा उलगडा झाला, पण बाईंच्या छातीवरचं ओझं तसूभर हललं नाही. त्या सरांच्या घरी गेल्या. सरांच्या बायकोने, जन्नतबींनी, नाव विचारून पाणी दिलं.

“तुम्हीच का त्या बाई?” त्या म्हणाल्या. “तुमचा जवाब आला तो दिवस काय खूश झाल्ते! मला म्हणले, बाईंनी बराबर म्हणलंय, आता आवाज भरतो. इथंच बसून भरला, पंखा बंद करून.”

कौसल्याबाईंच्या हातातला पेला तसाच राहिला. “भाभी, मी तो पाठ बघितलाच नव्हता. न बघता बरोबर म्हणाले. दुधना पूर्णेला मिळते. त्यांना शंका होती, ती खरी होती.”

जन्नतबी रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

“मंग पुसून टाका,” त्या म्हणाल्या. “पोरांच्या वहीत एक काना चुकला तरी त्यांना जेवण जात नव्हतं.”

“भाभी, उत्तर बदललं की त्या जागेचा त्यांचा आवाज जाईल.”

“एवढाच जाईल ना? बाकीचा राहू द्या.”

दोघी शाळेत आल्या. जन्नतबींनी दारातूनच एकदा ऐकलं आणि होकारार्थी मान हलवली. बाईंनी ‘न्हाई बेटा’ आणि ‘बराबर’ ही दोन वाक्यं पुसली, पूर्णेपुढे बरोबरची खूण केली आणि तिथे स्वतःचा आवाज भरला. तो त्यांना फारच पातळ वाटला. मग त्या पोरांकडे वळल्या.

“दुधना पूर्णेला मिळते. पूर्णा गोदावरीला.”

पुढे बसलेली मुक्ता नावाची मुलगी उठली. “पण सर तर गोदावरी म्हणले.”

“सर चुकले नाहीत बाळा. त्यांनी मला विचारलं होतं. मी चुकीचं सांगितलं.”

पोरं त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर घेऊन बाई परतल्या.

एप्रिलमध्ये भुजंग सरांचा फोन आला. वार्षिक परीक्षेत सगळ्या वर्गाने दुधना बरोबर लिहिली होती. एकट्या मुक्ताने गोदावरी लिहिलं होतं.

“तिला विचारलंत का?” बाईंनी विचारलं.

“विचारलं ना. म्हणली, मला ठाव हाय पूर्णा ते. पण सगळ्यांनीच बदलल्यावर सर एकटे पडतील.” भुजंग सर म्हणाले. “काय करू बाई? चूक देऊ का?”

कौसल्याबाईंच्या पुढ्यात त्यांच्या वर्गाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. बाहेर पोरांचा कल्ला चालला होता.

“चूक द्या,” त्या म्हणाल्या. “पण शेजारी लिहा, चूक पाठ तपासणाऱ्याची. आणि खाली माझं नाव घाला.”