सहा मीटरचा शबका

रदवाने शबक्यात सोनं नको म्हणून सांगितलं, त्या रात्री तिची होणारी सासू चहा न पिताच झोपायला गेली म्हणे. मला नवल वाटलं नाही. साखरपुड्याला मुलाकडच्यांनी मुलीला घालायचं सोनं म्हणजे शबका. तो तबकात मांडून सगळ्या पाहुण्यांपुढून फिरवायचा असतो. लांब बसलेल्या मावशीलाही तो दिसला पाहिजे, आणि दिसल्यावर तिच्या पोटात थोडं दुखलंही पाहिजे. त्याच्या जागी ही पोरगी मागत होती समुद्रावर उडवायचे, फळीवर उभ्या माणसाला पाण्यावरून ओढत नेणारे दोन पतंग.

"बांगड्या मी सणासुदीला घालीन, पतंग दर शुक्रवारी उडवीन," असं तिने होणाऱ्या नवऱ्याला, हाझेमला, तोंडावर सांगितलं होतं. हाझेम वकील आहे, पण घरात त्याने आजवर एकही खटला जिंकलेला नाही. तो 'बरं' म्हणाला.

मी सोहेर. रास सिद्रच्या किनाऱ्यावर माझी पतंगांची शाळा आहे. एक खोली, पुढे ताडपत्रीची सावली, मागे पतंग वाळवायच्या दोऱ्या, संपलं. मूळची मी सुवेझची, आणि सुवेझच्या बायकांच्या तोंडाला कोणी लागत नाही. इथे सगळे मला कॅप्टन म्हणतात. रदवा माझी विद्यार्थिनी. कैरोत औषधांच्या दुकानात काम करते आणि सुट्टी मिळाली की वाळवंट ओलांडून इकडे पळत येते. पहिल्याच दिवशी नाकातोंडात खारं पाणी गेलं, तरी खोकत खोकत तिने विचारलं होतं, "आत्ता चुकलं काय?" असं विचारणारे मला आवडतात. रडणारेही चालतात. वाऱ्याला शिव्या घालणारे मात्र मी दुपारच्या आत घरी पाठवते.

पतंग घ्यायला ते सगळे माझ्याकडे आले, तेव्हा हाझेमची आई, हज करून आलेली म्हणून सगळ्यांची हाग्गा इनशिराह, सोनाराकडे निघाल्यासारखी नटून आली होती. रुमालाने खुर्ची पुसली, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाली, "दाखवा. सगळ्यात चांगलं काय आहे ते."

"आधी वजन करू," म्हणत मी काटा पुढे सरकवला.

"कुणाचं?"

"जी उडवणार तिचं."

"हाझेमसमोर?" हाग्गाने पर्स छातीशी धरली. "अहो कॅप्टन, नवऱ्या मुलीला कुणी असं मटणासारखं तोलतं का?"

रदवा चपला काढून काट्यावर चढलीही. होणाऱ्या सासूला ती तांत म्हणायची, म्हणजे काकू. "सत्तावन्न. लपवायचं काय त्यात, तांत? हाझेम काही मला उचलून नेणार नाहीये."

"नेऊ शकतो," हाझेम हळूच म्हणाला.

"तू गप रे," दोघी एकदम म्हणाल्या.

मी हाग्गाला नीट समजावलं. माझ्या मानाने अगदी गोड आवाजात. "पतंग म्हणजे पलंगाची चादर नाही, की मोठी घेतली तर आणखी दोघं झोपतील. वारा जितका जास्त, तितका पतंग लहान लागतो. माणूस हलका असेल तर आणखी लहान. आमचा वारा मवाळ असतो तेव्हा पंधरा नॉटच्या आसपास, आणि चिडला की पंचवीसपर्यंत जातो. एका पतंगाला हे दोन्ही जमत नाही, म्हणून नवशिक्याने दोन घ्यायचे. हिला मवाळ दिवसासाठी नऊ मीटरचा, म्हणजे नऊ चौरस मीटर कापडाचा, आणि चिडलेल्या दिवसासाठी सहाचा. दोघांत एवढं अंतर हवंच. दहा आणि नऊ घेतले, तर एकाच दिवशी दोन्ही चालतील आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही पिशवीत पडून राहतील."

"आणि वाराच नसला तर?"

"तर सावलीत बसून खारं चीज आणि कलिंगड खायचं. त्या दिवसासाठी पतंग विकत घ्यायचा नाही."

हाग्गाने नाक मुरडलं. "सहा! माझ्या बहिणीच्या सुनेला कोपरापर्यंत बांगड्या घातल्या. आणि माझ्या सुनेला सहा मीटर? अहो, माझ्या बाल्कनीच्या पडद्यांना याहून जास्त कापड लागलं!"

"त्या पडद्यांनी तुम्हाला कधी बाल्कनीतून खाली ओढलंय का?"

हाझेमला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यावर नेलं. हाग्गाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "सगळ्यात मोठा कुठला असतो?"

"चौदाचा चांगलाच मोठा. तो नव्वद किलोच्या गड्याला, वारा जवळजवळ पडलेला असताना."

"बघा! वारा नसतानाही चालतो," ती हाझेमकडे वळून म्हणाली. "म्हणजे वस्तू चांगलीच असणार."

इथे मी हात टेकले. जन्मभर सोनं पारखलेली बाई ती. जड तेवढं चांगलं, मोठं तेवढं मानाचं, हे तिच्या हाडीमांशी भिनलेलं. तिला लहान पतंग दाखवणं म्हणजे तिच्या दृष्टीने फुंकून उडेल असा पत्रा दाखवणं. "बघू, इन्शाल्लाह," म्हणत ती उठली, आणि पर्सची कडी तिने ज्या आवाजात लावली त्यावरूनच कळलं, ही काही परत येत नाही. मी तरी नऊचा आणि सहाचा बाजूला काढून ठेवले.

जाता जाता रदवा माझ्या कानाशी आली. "काळजी करू नका, कॅप्टन. मी समजावीन त्यांना."

"ऐकतील?"

"ऐकतील की. मी सांगणार आहे ना!" तिने हे इतकं बिनधास्त सांगितलं की माझाही विश्वास बसला.

साखरपुडा आमच्याच किनाऱ्यावर करायचा ठरला. मांडव घालताना मला कुणी विचारलं नाही. समुद्र छान दिसतो म्हणून त्यांनी तो नेमका आम्ही पतंग उडवतो त्या जागेच्या वाऱ्याखाली घातला. वरून काहीही सुटलं की सरळ मांडवात. त्या दिवशी वारा सकाळपासून चिडलेलाच होता. टेबलांवरची कापडं उडू नयेत म्हणून पोरींनी दगड ठेवले होते, लाल सरबताचे पेले हाताने धरून बसावं लागत होतं. मी वारा मोजला. तेवीस नॉट.

अंगठ्या घालून झाल्या, बायकांनी जीभ वळवून आनंदाच्या लांब किलकाऱ्या, झगारीत, काढल्या. मग शबका आला. दोन मोठी तबकं, वर लाल मखमल. हाग्गाने स्वतःच्या हाताने मखमल उचलली, भाच्यांनी पतंग उलगडून धरले, आणि त्यांच्यावर ठळक छापलेले आकडे सगळ्या मांडवाने वाचले. चौदा. बारा. कैरोतल्या कुठल्याशा दुकानातून आणले होते.

"माशाल्लाह! चौदा!" कुणीतरी म्हणालं. हाग्गाची मान एक वीत वर गेली.

रदवा हसत होती, पण ते हसू तिने टाचणीने टोचून ठेवल्यासारखं होतं. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. "उडवून दाखव! नवरी, उडवून दाखव!" चौदाचा नको तर निदान बाराचा तरी, असा सगळ्यांचा आग्रह. हाझेम कोट काढून, टाय खांद्यावर टाकून बाराच्या नळ्यांत हवा भरायला पंप मारायला लागला.

मी रदवाला ताडपत्रीखाली ओढलं. "डोकं फिरलंय का तुझं?"

"आज नाही म्हटलं तर शबका परत केल्यासारखं होतं, कॅप्टन. शबका परत केला की लग्न मोडलं. बाबा तिथे बसलेत." ती कमरेचा पट्टा आवळत होती. "मी पाण्यात जात नाही. नुसता वर धरते आणि खाली आणते."

"तू नाही धरणार, तो तुला धरेल. खाली कधी यायचं ते तो ठरवेल, आणि कुठे यायचं तेही. त्या मांडवात, तुझ्या बाबांच्या मांडीवर."

तिने मांडवाकडे पाहिलं. तिला सगळं कळत होतं, मीच तर शिकवलं होतं. "मला हाझेम हवाय," ती म्हणाली. "माझ्यामुळे त्याच्या आईची मान खाली गेलेली मला नकोय." आणि ती बाराच्या दिशेने चालू लागली.

मी घाबरले. याच किनाऱ्यावर एका धडधाकट गड्याला मोठ्या पतंगाने दगडांवरून फरफटत नेलेलं मी पाहिलंय, आणि तो हिच्या दीडपट होता. घाबरले की मला राग येतो, हा माझा स्वभाव. मी सरळ हाझेमच्या हाताखालून पुढे झाले, वाळूत गुडघे टेकले आणि बाराच्या पुढच्या नळीची झडप उघडली.

फुस्स! अख्ख्या मांडवाला ऐकू गेलं. पतंगाने वाळूत लोळण घेतली.

टाळ्या थांबल्या. हाग्गा इनशिराह माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तू माझ्या शबक्यातली हवा काढलीस?"

"काढली."

"माझ्या माणसांदेखत?"

"तुमच्या माणसांदेखत. तुमची सून धड राहावी म्हणून."

"माझ्या सुनेचं मी बघेन!"

"मग बघा ना! काट्यावर पाहिलंत तिला, आता वाऱ्याकडेही बघा!"

मागून कुणी तरी म्हणालं, नजर लागली. कुणी म्हणालं, त्या पतंगवालीला आत कुणी घेतलं? रदवाचे वडील खुर्चीतून उठले, हाझेमचे काका उठले. दोन्हीकडचे पुरुष असे एकाच वेळी उठले की पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं. लग्न मी मोडलं की काय?

रदवा मध्ये आली. आवाज न चढवता तिने स्वतःचा उजवा हात हाग्गापुढे धरला. "तांत, ही अंगठी घ्यायच्या आधी तुम्ही मला सोनाराकडे का नेलं होतं?"

"का म्हणजे? बोटाचं माप द्यायला."

"माप कशाला? त्याच्याकडची सगळ्यात मोठी अंगठी घ्यायची होतीत ना."

"वेडी का काय! पडली असती ना गळून..." हाग्गा बोलता बोलता थांबली.

हाग्गा स्वतःच्या हाताकडे पाहत राहिली. मग हळू म्हणाली, जवळच्या आम्हा तिघाचौघांनाच ऐकू येईल असं, "माझी मोठी होती. सासूबाईंनी चारचौघांत उठून दिसावी म्हणून मोठी घेतली. आतून दोरा गुंडाळून घालायचे मी. भांडी घासताना तो भिजायचा. एक दिवस गेली पाण्याबरोबर वाहून. सासूबाई अख्खा रमजान माझ्याशी बोलल्या नाहीत." तिने नाक ओढलं. "मला एवढंच वाटलं, माझ्या सुनेला कमी घातलं असं कुणी म्हणू नये."

"मला तुमच्याकडूनच हवाय, तांत," रदवा म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "फक्त पेलेल असा द्या."

हाग्गाने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले आणि माझ्याकडे डोळे वटारले. "तो तुमचा सहाचा आहे का अजून?"

"आहे. नऊचाही आहे."

"मग आणा ना! उभ्या काय राहिलात?"

"आणि हे दोन, आई?" हाझेमने विचारलं.

"हे तुला. तुझं वजन मला काट्याशिवाय माहीत आहे, मीच वाढवलंय ते." मांडव हसला, काका खाली बसले, रदवाच्या वडिलांनी सरबताचा पेला परत हातात घेतला. माझा जीव भांड्यात पडला.

सहाचा फुगवून आम्ही मांडवाच्या पलीकडे गेलो, जिथे वाऱ्याखाली नुसतं पाणी होतं. पतंग धरायला मी पुढे झाले, तर हाग्गाने मला कोपराने बाजूला सारलं. "शबका माझा आहे. मीच धरणार."

"फेकायचा नाही," मी सांगितलं. "तिने अंगठा वर केला की फक्त सोडायचा."

दोऱ्या ताणल्या गेल्या. लांब पाण्यात उभ्या असलेल्या रदवाने अंगठा वर केला. हाग्गा सोडेचना.

"हाग्गा, सोडा!"

"वाहून गेली म्हणजे?"

"नाही जात. तिला येतं ते."

तिने बिस्मिल्ला म्हटलं आणि हात उघडले. पतंग वर गेला, अगदी सरळ. रदवा पहिल्या झेपेला पडली, पाणी थुंकत उठली, फळी परत पायांत घेतली. दुसऱ्या झेपेला उभी राहिली आणि निघाली. दूरवर गेली, वळली, आणि फळी वाऱ्याला तिरकी धरून आमच्याच दिशेने परत येऊ लागली. नवशिक्यांना हे परत येणंच जमत नाही. हाग्गा भरजरी झग्यासकट गुडघाभर पाण्यात उतरली होती, आणि तिला त्याचं भानही नव्हतं.

मांडवातून तिच्या बहिणीचा आवाज आला, गोड आणि टोचरा. "अगं इनशिराह, केवढुसा दिसतोय तो! किती मीटरचा म्हणालीस?"

हाग्गा वळली. कमरेवर हात ठेवले आणि सुवेझच्या बाईलाही जमणार नाही अशा आवाजात ओरडली, "सहा! मोठा काय, कुणीही आणतं! हा माझ्या पोरीच्या मापाने घेतलाय!"