आईच्या कुशीतली जागा

मोन्सेरातचं सगळंच मोठं. आधी तिचं सिमेंटचं दुमजली घर मोठं, आणि आता तिचं दुःखही मोठं. भूकंपात ते घर खाली बसलं, माझी मावशी, म्हणजे मोन्सेची आई, गेली आणि मोन्सेला ढिगारा उपसून बाहेर काढलं. आमचं बांबूचं घर नुसतं डुललं नि उभं राहिलं. तेव्हापासून ती आमच्याकडे असते आणि माझ्या जागेवर, आईच्या कुशीत झोपते. मी पलीकडे, भिंतीला.

मला काय झालं होतं? काही नाही! मी तेव्हा पाव आणायला गेले होते. "आमची ओडालिस धीट आहे हो," आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. जळ्ळं मेलं ते धीटपण! माझ्या घशाखाली घास उतरत नाही, ते कोण बघतंय? बघितलं तर म्हणते, "नखरे पुरे."

शाळेच्या तंबूत दर गुरुवारी राजधानीहून, किटोहून, मुलांच्या मनाची डॉक्टर येते. चित्रं काढायला लावते. मी समुद्र, होड्या, घर, सगळं रंगवलं. "छान," म्हणाली, झालं. मोन्सेने नुसता कागद काळा केला, तर तिच्याशेजारी मांडी घालून बसली ती उठेचना! पुढच्या गुरुवारी मीही कागद काळा केला. तर म्हणते कशी, "मोन्सेचं बघून काढू नकोस हं." मी खडूच मोडून टाकला.

त्याच आठवड्यात एका दुपारी आई भाजलेली कच्ची केळी चीज घालून कुटत होती. पहिला गरम गोळा अर्थातच मोन्सेला.

"भरव की तिला," मी म्हटलं. "हात कुठायत बिचारीला!"

"ओडा, जीभ आवर!"

"मी काय पाहुणी आहे का इथली?"

आई तोंड उघडणार, तोच फळीवर उलटी उभी केलेली बाटली खाली पडली. आमच्या मानाबीच्या किनाऱ्यावर आता घरोघरी अशी बाटली असते, हादरा बसला की कळावं म्हणून. आईने मोन्सेचा हात धरला नि पळाली. "ओडा, चल!" एवढं ओरडली, पण मागे वळली नाही.

मी मुद्दाम बसून राहिले. म्हटलं, बघूच येते का मला न्यायला. भांडी पडायला लागली, बांबू करकरायला लागले. तेव्हा हौस फिटली. उठायला गेले तर पाय उठेनात. हाक मारायला गेले तर आवाज फुटेना.

दारात मोन्से! आईचा हात सोडून संडासलाही न जाणारी मोन्से. थरथरत आत आली, माझ्या काखेत हात घातले आणि मला ओढत अंगणात आणलं.

"पायांना काय धाड भरली होती तुझ्या?" आई किंचाळली.

"तिला नको ओरडू, मावशी. तिला हलताच येत नव्हतं." मोन्सेला धाप लागली होती. "ती धीट नाहीये. रोज झोपेत भिंत ओरबाडते. मला ऐकू येतं."

आईने माझी बोटं उलटीसुलटी करून पाहिली. नखांत बांबूची कुसळं होती. मला पोटाशी धरून ती ढसाढसा रडली. "मला दिसलंच नाही गं, बाळा."

त्या रात्रीपासून मी मधे झोपते. मोन्सेनेच आपली उशी उचलून भिंतीकडे नेली. हवं होतं ते मिळालं, पण जळफळाट काही जात नाही. आत आली ती मोन्से. माझं ऐकलं तेही मोन्सेनेच, आईने नाही. तिच्याकडे पाठ करून आईच्या कुशीत शिरावं, तर तीही जागा तिनेच दिलेली. सांगा, आता रागवायचं तरी कोणावर?