हिरव्या डोक्याच्या दगडाचा सत्कार

मी एक जुना मैलाचा दगड आहे. खरं तर किलोमीटरचा, पण मैल गेले तरी नाव काही गेलं नाही. कोल्हापूरकडून येणाऱ्या एका रस्त्याच्या कडेला मी कमरेपर्यंत पुरलेला उभा आहे. पोटावर लिहिलंय, ‘हातकणंगले ७’. मित्रांनो, एकोणचाळीस वर्षांत मी हा आकडा एकदाही बदलला नाही. इतका शब्दाचा पक्का माणूस तुम्हाला भेटणार नाही, कारण मी माणूस नाही.

खाणीतून फोडून आणल्यावर मला चार घाव घातले आणि डोक्याला हिरवा रंग दिला. हिरवं डोकं म्हणजे राज्यमार्ग. केवढा मान! पण राज्यमार्गावर गतिरोधक मिळत नाही. गाड्या अशा सुसाट जात, की मला कुणी कधी पुरतं वाचलंच नाही. ‘हातक’ म्हणेपर्यंत ते हातकणंगल्यात.

समोर तानाबाईचा गोठा. तिची म्हैस वर्षाराणी रोज दोनदा रस्ता ओलांडून ओढ्यावर जाते. गेल्या साली एका ट्रकनं तिचं अर्धं शिंग नेलं. तानाबाईनं गतिरोधकासाठी सहा अर्ज केले. सहाही वेळा उत्तर एकच : राज्यमार्ग आहे, बसत नाही.

मग पलीकडून चौपदरी रस्ता झाला आणि आमच्या तुकड्याचा दर्जा उतरवायचं ठरलं. नवा दर्जा, ‘इतर जिल्हा मार्ग’. मला वाटलं, गाव रडणार. गावानं हलगी लावली!

“दगड निवृत्त व्हायलाय. सत्कार नको व्हय?” तालमीचा आकाराम म्हणाला.

सकाळी रंगाऱ्यानं माझं डोकं काळं केलं. रंग वाळायच्या आत आकारामनं मला शाल पांघरली आणि गुलाबी फेटा बांधला. करकचून! सैल फेटा बांधला तर आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या नावं ठेवतात.

दहा वाजता बांधकाम खात्याच्या पूर्णिमा मॅडम आल्या. काळ्या डोक्याचा फोटो वर पाठवला की दर्जा उतरणार, आणि मगच गतिरोधक मंजूर होणार. आकारामनं फेटा ओढला. अर्धा आला, अर्धा चिकटून राहिला.

“पिवळा राष्ट्रीय, हिरवा राज्य, काळा जिल्हा,” मॅडमनी यादी वाचली. “गुलाबी कुठला रस्ता? आता पुढच्या महिन्यात बघू.”

“सासुरवाडीचा धरा की म्याडम,” आकाराम म्हणाला.

“गप ए फेटेवाल्या!” तानाबाई कडाडली. “पुढच्या महिन्यापतूर दुसरं शिंग जाईल माझ्या म्हशीचं!”

ती घरात पळाली आणि खुरपं, तवा, तेल घेऊन आली. खुरप्यानं चिंध्या खरवडल्या, तव्याच्या बुडाची काजळी तेलात कालवली आणि माझ्या डोक्याला चोळचोळ चोळली. आईनंही कुणाला एवढी मालिश केली नसेल.

“आता काळा हाय का न्हाय?”

“यादीत काळा लिहिलंय,” मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. “कुठल्या डब्यातला, ते लिहिलेलं नाही.” आणि फोटो काढला.

पंधरा दिवसांत गतिरोधक झाला. पहिल्याच संध्याकाळी एक ट्रक धडधडत आला आणि कचकन थांबला. वर्षाराणी मधोमध उभी होती, दीड शिंग मिरवत, रवंथ करत. ड्रायव्हरला दुसरं कामच उरलं नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मोठ्यानं वाचलं, “हातकणंगले सात.”

मित्रांनो, सगळं! आकड्यासकट!

म्हणून सांगतो, इकडं आलात तर हळू या. माझ्यावर पिचकारी मारू नका, शिकवणीच्या जाहिराती चिकटवू नका. म्हैस आडवी आली तर हॉर्न वाजवू नका, तिला सावकाश जाऊ द्या. तोवर मला वाचा. एकच ओळ आहे.