आधी गुडघा, मग पोळ्या

घरातली बाई अंथरुणाला खिळली की पहिले काही दिवस सगळे घर तिच्याभोवती फिरते. कुणी पाणी आणून देतो, कुणी उशी सरकवतो, शेजारून डबा येतो. मग हळूहळू घराला तिची उणीव जाणवायला लागते. तिने उठावे असे सगळ्यांनाच वाटते, पण ती बरी व्हावी म्हणून नव्हे, तर कामे अडली आहेत म्हणून. हे आपल्या घरांत इतके रोजचे आहे की त्यात काही चुकते असे कुणाच्या मनातही येत नाही. अमरावतीच्या आरतीच्या घरी तरी ते कुणाच्या मनात आले नव्हते.

आरती एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. वय चाळिशी ओलांडलेले. रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि ती सकाळी छत्री तलावाच्या रस्त्याने चालायला जाऊ लागली. तिथे बायकांचा एक गट भेटला. चालता चालता त्या थोडे धावू लागल्या, उड्या मारू लागल्या. घरासाठी नाही, नोकरीसाठी नाही, फक्त आपले असे काहीतरी आरतीला आयुष्यात पहिल्यांदा सापडले होते. रक्तदाब उतरला, झोप चांगली लागू लागली. नवरा नितेश थट्टा करायचा, पण अडवायचा नाही. सासूबाई पार्बताबाई मात्र म्हणत, "या वयात पळून कोनाले दाखवाचं आहे?"

एका सकाळी बुटक्या ओट्यावरून उडी मारताना आरतीचा पाय तिरपा पडला. तुराटी मोडावी तसा गुडघ्यात आवाज झाला आणि ती तिथेच बसली. लिगामेंट तुटले होते. ऑपरेशन झाले, ग्रंथालयातून लांब रजा घ्यावी लागली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "माझं काम झालं. आता गुडघा वाकवायचं काम तुमचं. दुखेल, तरी रोज करायचं. नाही केलं तर तो जखडेल."

दवाखान्यातल्या तरुण फिजिओथेरपिस्टने तिला व्यायाम शिकवले. टाच चादरीवरून मागे ओढायची, मांडी आवळून धरायची, पाय सरळ उचलायचा. ती हे शिकवत होती तेव्हा नितेश बाहेर बाकावर फोन पाहत बसला होता.

घरी भेटायला माणसांची रीघ लागली. प्रत्येकाचा सल्ला एकच, "आता पूर्ण आराम." आणि त्यामागे दुसरे वाक्य ठरलेले, "कशाले पळाची हौस केली?" आरती हसून घ्यायची. तिची धावणारी मैत्रीण फोनवर म्हणायची, "लवकर ये, तुझ्याविना मजा नाही." तो फोन ठेवल्यावर आरतीला अधिकच एकटे वाटे. कारण त्या धावत होत्या आणि ती संडासापर्यंत जायला भिंत धरत होती.

काही आठवडे गेले. नितेशला डब्यातली खानावळीची भाजी नकोशी झाली. पार्बताबाईंना जास्त वेळ उभे राहवत नव्हते. मग एक दिवस आरती काठी टेकत स्वयंपाकाच्या ओट्यापाशी गेली आणि कुकर लावला. कुणी तिला नको म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी तिने पोळ्या केल्या. आठवडाभरात सगळा स्वयंपाक तिच्याकडे आला. उभे राहून गुडघा सुजायचा, पण त्याबद्दल कुणी बोलले नाही.

दुपारी ती बैठकीत चटई टाकून व्यायामाला बसली की मात्र घर बोलायचे. एकदा ती पाय सरळ उचलून धरत होती, दात घट्ट आवळून. पार्बताबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. म्हणाल्या, "भांडे घासाच्या वेळी पाय दुखते तुहा. इथं तर मस्त उचलून राहिली."

आरतीने पाय खाली ठेवला. रात्री नितेशला सांगितले तर तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "आईचं काय मनावर घेते? अन् खरंच, इतकं दुखते तर काहून करते? आराम कर ना."

त्यानंतर चटई गुंडाळून दारामागे गेली. व्यायाम आज राहिला, उद्या करू, असे होता होता तो सुटलाच. सकाळी उठून पायाकडे पाहायचे आणि नजर वळवायची, एवढेच उरले. रस्त्यावरून कुणी धावत गेल्याचा आवाज आला तरी ती खिडकी लावून घ्यायची. तिला राग येत नव्हता, रडूही येत नव्हते. हे शरीर आता आपले नाही, आणि वेळही आपला नाही, इतकेच तिला वाटत होते.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला. तो अर्ध्यावरच अडला. "जखडत चाललाय," ते म्हणाले. "महिनाभरात फरक पडला नाही तर भूल देऊन मोकळा करावा लागेल. त्यानेही पूर्ण सुटेल याची खात्री नाही. व्यायाम नाही केले का?"

आरतीने मान खाली घातली. नितेश म्हणाला, "घरीच तर असते दिवसभर, डॉक्टरसाहेब."

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "मला काही दिवस आईकडे सोडा." त्याच आठवड्यात नितेशने तिला अकोल्याला, डाबकी रोडवरच्या माहेरी आणून सोडले.

आरतीची आई सुभद्रा एकटीच राहत होती. लेकीची अवस्था पाहून तिचा जीव तुटला. तिने कूलरसमोर गादी घातली, ताट हातात दिले, पाणी जागेवर दिले. आरती उठायला गेली की ती धावत यायची. "बस, बस. मले सांग काय पाह्यजे ते. तिथं राबली, इथं तरी आराम कर."

सासरी व्यायामाला वेळ नव्हता, माहेरी परवानगी नव्हती. एका घरात तिला राबवत होते, दुसऱ्या घरात जपत होते, आणि गुडघा दोन्हीकडे सारखाच जखडत होता.

पलीकडच्या घरात रहिमाबी राहत. उर्दू शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. आरती लहानपणापासून त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. ती आल्याचे कळताच त्या भेटायला आल्या. काठी टेकत, एक पाय ओढत. आरतीने त्यांना पूर्वी ताठ चालताना पाहिले होते.

"खाला, पायाला काय झालं?"

"सायकलवरून पडली," रहिमाबी खुर्चीवर टेकत म्हणाल्या. "रिटायर झाल्यावर शौक आला होता, सायकल शिकाचा. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. तुह्यं काय? व्यायाम चालू हाय ना?"

"नाही, खाला. जमत नाही."

"दुखते म्हणून?"

आरतीने नकारार्थी मान हलवली. मग चटईची, सासूबाईंच्या बोलण्याची, डॉक्टरांसमोर नितेश जे म्हणाला त्याची, सगळी हकिगत हळूहळू बाहेर आली. शेवटी ती म्हणाली, "आता करून तरी काय? मी परत धावू शकणार नाही. मग उगाच कशाला?"

सुभद्रा लगेच म्हणाली, "तेच म्हणून राहिली ना मी. नशिबात होतं ते झालं. आता तिले त्रास नको."

रहिमाबींनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "सुभद्राबाई, माह्या पोराईनं मले असंच ठेवलं होतं. फुलासारखं. अम्मी उठू नका, अम्मी आम्ही हाओत ना. डॉक्टरनं चालाले सांगतलं होतं, पण मी उठली की घरात सारे घाबरत. मीबी म्हटलं, इतकी सेवा करून राहिले, कशाले त्याईचा जीव घाबरा करू. पोराईनं सेवा फार केली. त्यातच माहा पाय गेला." त्यांनी आपल्या मांडीवर हात ठेवला. "आता मले सजदा करता येत नाही. खुर्चीवर बसून नमाज पढते. जमिनीले कपाळ लावाले जीव तरसते. हे काही सायकलीनं नाही केलं. सायकलीनं फक्त हाड मोडलं होतं. ते तर जुडलं."



"अन् आरती," त्या पुढे म्हणाल्या, "ओट्यापाशी उभी राहते ते काम, अन् चटईवर पाय उचलते ते चोचले, हे कोनं ठरवलं? त्याईनं ठरवलं, अन् तू मान हलवली. तू पळशील का नाही, ते मले माहीत नाही. नाही पळणार कदाचित. पण जिना चढाचा हाय, जमिनीवर बसाचं हाय, म्हतारपणी कोनाचा आधार न घेता न्हाणीत जायचं हाय. हे थोडं हाय का?"

आरतीच्या डोळ्यांत पाणी आले. बऱ्याच दिवसांनी.

"माहा पाय आता सुटत नाही," रहिमाबी उठता उठता म्हणाल्या. "पण हात हायेत. उद्या सकाळी येते. तू पाय वाकव, मी खुर्चीवर बसून हात हलवते. एकटीनं होत नाही हे, मी करून पाहिलं."

दुसऱ्या दिवशी त्या खरोखरच आल्या. अंगणातल्या पायरीजवळ आरतीने सतरंजी टाकली. टाच मागे ओढायला लागली तशी गुडघ्यातून कळ निघाली. ती कण्हली, मग चक्क रडली. सुभद्रा आतून धावत आली. "पोरगी रडून राहिली अन् तुमी पाहता काय, रहिमाआपा? बंद करा हे."

"रडू द्या," रहिमाबी म्हणाल्या. " सूज आली, आग झाली, तर थांबवू. डॉक्टरनं सांगतलं त्याच्या पुढं जायचं नाही. पण नुसतं रडते म्हणून थांबवाचं नाही. तुमी तिच्याजवळ बसा. आत जाऊ नका."

सुभद्रा पायरीवर बसली. लेकीचे रडणे पाहत बसणे तिला जमत नव्हते, तरी बसली. दोन-चार दिवसांनी ती आपणहून टाचेखाली घालायला गुळगुळीत कापड घेऊन आली. अकोल्यातल्याच एका फिजिओथेरपिस्टकडे आरती जाऊ लागली. पाय दमला की ती पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन रहिमाबींबरोबर हातांचे व्यायाम करी. काही दिवस गुडघा तसूभरही पुढे सरकत नसे. पण दुसऱ्या दिवशी सतरंजी पुन्हा पडे.

महिना संपत आला तेव्हा नितेश तिला न्यायला आला. आरती म्हणाली, "आधी माझ्याबरोबर फिजिओथेरपीला चला. अन् या वेळी बाहेर नाही बसायचं."

आत फिजिओथेरपिस्टने आरतीला पालथे झोपवले आणि नितेशला म्हटले, "घरी तुम्हालाच करायचं आहे. टाच धरा. हळूहळू पुढे न्या. त्या थांब म्हणतील तिथं थांबा, पण सोडू नका."

नितेशने टाच धरली. पाय थोडा वाकला आणि आरतीच्या तोंडून असा आवाज निघाला की त्याची पकड सैल झाली. तो सोडणार, तेवढ्यात ती दबक्या आवाजात म्हणाली, "धरून ठेवा." तिने गादीची कड मुठीत आवळली होती. मान घामाने भिजली होती. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचा असा चेहरा त्याने पाहिला नव्हता.

बाहेर आल्यावर तो गाडीपाशी उभाच राहिला. "हे तू रोज करत होती?"

"करत होते. मग सोडलं."

"आमच्यामुळं," तो म्हणाला. "मले वाटे, पडल्या पडल्या पाय हलवाचा, त्यात काय एवढं." आरतीने त्याची समजूत काढली नाही. ती काठी टेकत गाडीत बसली.

अमरावतीला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या वेळेलाच तिने बैठकीत चटई टाकली. पार्बताबाई म्हणाल्या, "पोया कोन करन?"

"आधी गुडघा, मग पोळ्या, आई," आरती शांतपणे म्हणाली. "भूक लागली असेल तर हे करतील."

नितेश कणीक मळायला उभा राहिला. पीठ सैल झाले, पोळ्या वाकड्या झाल्या. पार्बताबाई धुसफुसत जेवल्या. मग भांड्यांकडे पाहत, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "मी बी गुडघ्यावर पडली होती. नितेश तान्हा होता. विहिरीच्या पायऱ्यायवरून. तिसऱ्या दिवशी जात्यावर बसवलं मले. कोनी इचारलं नाही, दुखते का म्हणून." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मले वाटलं, बाईचं असंच असते."

आरतीला त्यांच्या त्या टोमण्याचा राग अजून होता. पण त्या बोलण्यापुढे तो तिला धरून ठेवता आला नाही. ती सरकत त्यांच्याजवळ गेली आणि विचारले, "कोणता गुडघा, आई?"

पार्बताबाईंनी उजव्यावर हात ठेवला.

भूल देऊन गुडघा सोडवायची वेळ आरतीवर आली नाही. पण तो पहिल्यासारखाही झाला नाही. पूर्ण मांडी घालून तिला बसता येत नाही, आणि धावायचे आता नाहीच, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. ते ऐकून ती खूप रडली. ते जे दिवस वाया गेले, ते परत आणणे कुणाच्याच हातात नव्हते, तिच्या, नितेशच्या, पार्बताबाईंच्या, कुणाच्याच. व्यायाम मात्र तिने सोडला नाही. जिना ती कठडा न धरता चढते.

वाचकहो, दुखापत शरीराला होते, पण माणूस अपंग होतो तो बहुधा घरात, आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या प्रेमामुळे किंवा आपल्या बेफिकिरीमुळे. दुखण्यातून उठणाऱ्या माणसाला नुसता आराम पुरत नाही, त्याला वेळ लागतो आणि सोबत लागते. तुमच्या घरात असे कुणी असेल तर त्याला "आराम कर" म्हणून मोकळे होऊ नका. "आज व्यायाम झाला का?" असे विचारा. नसेल झाला तर त्याच्याजवळ बसा. आणि ती घरातली बाई असेल, तर तेवढा वेळ ओट्यापाशी तुम्ही उभे राहा.