गळ्यातला चाकू

हाताचा अंगठा सगळ्यात आधी गेला. गेला म्हणजे जागेवर आहे, त्याचं नखही वाढतं, पण काम सांगितलं की ऐकत नाही. मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी माझा तळहात उलटासुलटा करून पाहिला, अंगठ्याखालचं मांस कसं खपाटीला गेलंय ते बायकोला दाखवलं आणि म्हणाले, "हा आजार पुढे जातो. कुणाचा हळू, कुणाचा भरभर. मागे येत नाही." मी म्हणालो, "डॉक्टर, माझं सोफ्या-खुर्च्यांचं काम आहे. मला फक्त कापता आलं पाहिजे." ते म्हणाले, "जोवर जमतंय तोवर करा." एवढंच सांगायला हा माणूस इतकी वर्षं शिकला, याचा मला रागच आला.

आमचं दुकान म्हणजे रस्त्याला लागून असलेली एक लांबट खोली. मधोमध कापायचं टेबल, भिंतीकडे बायकोचं मशीन, आणि उरलेल्या जागेत लोकांच्या पिचलेल्या खुर्च्या. जुनं कापड सोलायचं, आतला फोम बदलायचा, नवं कापड चढवायचं. कापणं माझं, शिवणं तिचं. मशीनवर तिच्यासारखा हात मी कुणाचा पाहिला नाही, पण कापायला घेतलं की ती दर वितीला थांबते, आणि जाड रेक्झिन थांबत थांबत कापलं की कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. त्यावरून मी तिला आयुष्यभर छळलंय.

ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली मी शिकलो, त्याचा एक नियम दुकानात अजून चालतो. धारेची वस्तू हातातून हातात द्यायची नाही. टेबलावर ठेवायची, मूठ समोरच्याकडे करून, आणि त्याने उचलायची. एकदा मूठ समोरच्याकडे केली की ती वस्तू त्याची; ठेवणाऱ्याने ती परत उचलायची नाही. आमचं भांडण झालं की बायको कात्री टेबलावर आपटायची, पण आपटतानाही मूठ माझ्याकडे असायची.

तर, चाकू. सरकत्या पात्याचं कटर अंगठ्याने पुढे ढकलावं लागतं. मिटणारा चाकू अंगठ्याने उघडावा लागतो. कात्रीचं तर नावच काढू नका. म्हणून एका सकाळी दोघं हत्यारांच्या दुकानात गेलो. दुकानदार जुन्या ओळखीचा. त्याने जाडजूड मुठीचा चाकू पुढे केला. "दादा, हा घ्या. मस्त मूठभर पकड."

"मूठ वळत असती तर तुझ्या तोंडाकडे बघायला आलो असतो का?" मी म्हणालो.

तो हसला नाही. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, आत गेला आणि एक लहानसं खोकं घेऊन आला. आतला चाकू जेमतेम तळहातात मावेल एवढा. मिटायची-उघडायची भानगड नाही. पात्यापासून शेवटापर्यंत एकच पोलाद. मुठीच्या जागी एक कडी आणि तिच्यामागे एक खाच. तर्जनी कडीत घालायची, मधलं बोट खाचेत टेकवायचं. आवळायचं काहीच नाही. हात मागे ओढला की चाकू बोटाबरोबर येतो.

"एवढासा?" बायको म्हणाली. "याने काय पेन्सिलींना टोकं काढायची?"

मी खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि एका ओढीत आडवा कापला. कड अशी आली की दुकानदाराने ती बोट फिरवून पाहिली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! लग्नातल्या अंगठीचंही मला एवढं कौतुक नव्हतं, असं मी तिथेच बोलून दाखवलं आणि बायकोच्या कोपराचा प्रसाद खाल्ला.

खिशातून काढताना बोटं आत अडकायची, म्हणून तो दोरीने गळ्यात घालायचं ठरलं. कडक प्लास्टिकचं म्यान छातीवर उलटं लटकतं, कडी खालच्या बाजूला. बोट घालून खाली ओढला की टक् करून सुटतो.

"पण पडला बिडला तर?" बायकोने विचारलं.

"वहिनी, उड्या मारल्या तरी पडायचा नाही. म्यान मुद्दामच घट्ट बनवतात."

मी सकाळच्या ताज्या हाताने दोन-तीनदा ओढून पाहिला. धार पाहिली, कडी पाहिली. घट्टपणाचा विचार कुणी केलाच नाही.

सुरुवातीचे महिने छान गेले. टेबलाशी उभं राहायचं, बोट कडीत, टक्, की दिवस सुरू. पुढे कडी सैल वाटायला लागली. चाकू तोच होता, बोटं बारीक होत चालली होती. मी सीटांना लावायची कापडी चिकटपट्टी कडीच्या आतून गुंडाळली. हवा बदलली तेव्हा आणखी एक वेढा दिला. मग आणखी एक. पट्टी काळी पडली आणि माझ्या बोटाच्या आकाराची झाली.

आणि मग एका सकाळी चाकू सुटेना. ओढतोय, ओढतोय, दोरी मानेत रुततेय, आणि तो ढिम्म. मशीनची घरघर चालू होती. मी टेबलाच्या पायातल्या खिळ्यात कडी अडकवली आणि सगळं अंग मागे टाकलं. सुटला. बायकोने मान वर केली नाही, तेव्हा मला वाटलं, सुटलो, तिने पाहिलं नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणालो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चमत्कार झाला. चाकू सहज आला. मी परत आत घातला, परत ओढला. टक्. दुसऱ्या दिवशी त्याहून सहज. मी हाताकडे बघत राहिलो. अंगठा तसाच मेल्यासारखा, पण ओढायची ताकद परत आली होती, याला पुरावा काय हवा? डॉक्टर म्हणजे काय देव लागून गेले? मी टेम्पोवाल्या मेहुण्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "भावजी, तुम्ही अजून आम्हाला पोहोचवून जाणार!" मी हरभऱ्याच्या झाडावर इतका उंच चढलो की खालचं काही दिसेना. जेवताना गोष्टी सांगायला लागलो. बायको आता रोज संध्याकाळी म्यान माझ्या गळ्यातून काढून न्यायची. "घामाचा वास मारतोय," म्हणायची, गरम पाण्याने धुवायची आणि खुंटीला लावायची. मला वाटलं, किती काळजी करते.

त्याच भरात मी एका सभागृहाच्या खुर्च्यांचं काम घेतलं. सगळ्याच्या सगळ्या खुर्च्या.

"एवढं मोठं एवढ्यात नको," बायको म्हणाली.

"तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही का?" मी म्हणालो. ती पकड घेऊन एका जुन्या खुर्चीचे खिळे उपटायला बसली. तिच्या तोंडाला कुलूप म्हणजे काहीतरी आहे, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

खुर्च्या आल्या, रेक्झिनचा तागा आला. मी टेबलावर कापड पसरलं, दोन्ही हातांत खडू धरून रेघ मारली, आणि खडू खाली पडला म्हणून वाकलो. माझा हात चाकूला लागलासुद्धा नव्हता. तो आपोआप म्यानातून निसटला आणि चपलेच्या पट्ट्यात उभा रुतला, अंगठ्याच्या अगदी शेजारी.

मी म्यान उचलून उजेडात धरलं. त्याचं तोंड फाकलं होतं आणि कडांवर बारीक दात उमटले होते. ते दात मी ओळखतो. खिळे उपटायच्या आमच्या पकडीचे आहेत ते.

मशीन थांबलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुम्ही खिळ्याला अडकवून ओढलात ना, त्या दिवसापासून." ती जागेवरूनच बोलत होती. "उकळत्या पाण्यात धरलं की मऊ पडतं. मग पकडीने जरासं फाकवायचं. दर वेळी थोडंच करायचे, तुम्हाला लागेल तेवढंच."

मी तिला नाही नाही ते बोललो. मला वेड्यात काढलंस, गावभर माझं हसं केलंस, पाय कापला असता तर? तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही जेवताना हसायला लागला होता हो."

मी एका उघड्या फोमवर बसलो आणि रडलो. हात बरा होत नव्हता याचं तेवढं वाटलं नाही, ते आत कुठेतरी ठाऊकच होतं. रोज संध्याकाळी माझा हात किती गेला, ते ती त्या पकडीने मोजत होती, एकटी, आणि वर मला जेवायला वाढत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून म्यान दुरुस्त करायला घेतलं. पाणी उकळायचं, म्यान बुडवायचं, दाबायचं, गार करायचं. घट्ट झालं, माझ्याने निघेना. फाकवलं, वाकल्याबरोबर पडला. "जरा कमी." "आता जरा जास्त." भाजीतल्या मिठासारखं चाललं होतं. माझ्या हाताने निघेल इतकं सैल केलं की चाकू राहत नव्हता, राहील इतकं घट्ट केलं की निघत नव्हता. मधलं काही सापडेना. दुपारपर्यंत दोघांनाही कळलं की मधलं काही उरलेलंच नाही.

"तू काढ," मी म्हणालो. म्यान माझ्याच गळ्यात होतं. ती समोर उभी राहिली, कडी चिमटीत धरून चाकू ओढला, आणि सवयीने टेबलावर ठेवला, कडी माझ्याकडे करून. मी बोट घालायला गेलो. सपाट पडलेल्या चाकूची कडी बोटाने उचलावी लागते, आणि बोट नुसतंच तिच्यावरून घसरत राहिलं. तिने मदतीला हात पुढे केला नाही. नियम तिलाही ठाऊक होता.

मग मी मनगट टेकवून चाकू फिरवला. कडी तिच्याकडे झाली.

"असं करू नका," ती म्हणाली.

"झालं करून."

ती मशीनवर जाऊन बसली आणि जुन्याच शिवणीवर परत शिवण मारत राहिली. त्या दिवशी चाकू तिथेच राहिला. तिने उचलला नाही, मला उचलता येत नव्हता. जोवर तो पडून होता तोवर तो कुणाचाच नव्हता, आणि तिला बहुतेक तसंच हवं होतं. पण सकाळी सभागृहाच्या व्यवस्थापकाचा फोन आला. खुर्च्या कधी देताय, माणसं काय उभी राहणार का, असं विचारत होता. ती "देतो, साहेब" म्हणाली, फोन ठेवला आणि टेबलाशी आली.

तिने तर्जनी कडीत घातली. जाईना. शिवून शिवून तिची बोटं जाड झालीत, आणि आत माझे वेढे होते.

"पट्टी काढावी लागेल," ती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पट्टी निघाली की तो चाकू माझ्या बोटात परत बसणार नाही, हे तिला सांगायची गरज नव्हती.

"काढ."

तिने नखाने टोक सुटं केलं. वेढे एकेक करून निघाले, सगळ्यात शेवटी तो पहिला, अजून बराचसा पांढरा. तिचं बोट कडीत नीट बसलं.

"कुठून धरू?"

"खडूच्या रेघेवरून. स्वतःकडे ओढ, आणि मध्ये थांबू नकोस."

तिने पातं टेकवलं आणि ओढलं. ती दर वितीला थांबत होती. मी काही बोललो नाही.