थोरलीचं रक्त

“तुमचं रक्त उत्तम आहे हो,” नर्सबाई म्हणाल्या आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकट्या जावेचं रक्त कमी निघालं आणि तिचं नशीब उघडलं. महिला केंद्रात रोज दूध, अंडं, शिवाय पंख्याखाली बसून पिशव्या शिवायचं काम, तेही मजुरीसकट. थोरली मात्र बांधकामावर सिमेंटची घमेली वाहत होती. आजारी पडायलासुद्धा नशीब लागतं, दुसरं काय!

केंद्राचा नियम होता, एका घरातून एकच बाई. तिचं रक्त भरलं की जागा दुसरीला, पण तिचंही रक्त कमी असेल तरच. धाकटीच्या गालांवर आलेला तजेला थोरलीला बघवेना. तिने मनाशी ठरवलं, आता आपलं रक्त कमी निघालंच पाहिजे. रात्री ताट समोर आलं की ती ते धाकटीपुढे सरकवायची. “तू खा गं, मी कामावर खाऊन आलेय,” म्हणायची आणि नुसता काळा चहा ढोसायची. एकदा घमेलं डोक्यावर असताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी थोरलीबाईंचा हट्ट काही सुटला नाही.

पुढच्या तपासणीला दोघी जोडीने गेल्या. धाकटीचं रक्त भरलं होतं. थोरलीचं इतकं कमी निघालेलं पाहून नर्सबाईंनी पुन्हा बोट टोचलं आणि विचारलं, घरी जेवता की नाही? थोरली बोटावरचा कापूस दाबत राहिली. धाकटीच्या मात्र डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळ्या बायकांसमोर तिला रडू फुटलं.

“जाऊबाई, माझं रक्त भरावं म्हणून तुम्ही उपाशी राहिलात?”

बायका हळहळल्या. सख्खी बहीणही एवढं करत नाही, असं एकीने म्हटलंसुद्धा. थोरलीने तोंड उघडलं. खरं सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण इतकं चांगलं तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. तिने तोंड मिटलं. केंद्रातली जागा तिला मिळाली.

घर चालायचं तर बांधकामावर कोणीतरी जायलाच हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी हौसेने निघाली. डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवून बघत होती, ती सारखी घसरत होती.

“असं नाही,” थोरली म्हणाली. तिने चुंबळ सोडली, घट्ट वळली आणि धाकटीच्या डोक्यावर नीट बसवून दिली. मग बराच वेळ तिला हात काढवेना.