मी त्याचं मनगट मोडलं नाही

मी एक जुनी गदा आहे. फणसाच्या लाकडाची, पितळी पट्ट्यांची आणि रागीट. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. माझ्यावर वीस वर्षं खोटा आळ होता.

तिपटूरच्या एका सुतारानं मला घडवलं, ते नाटक कंपनीतल्या नंजय्यासाठी. नंजय्या भीम करायचा. बाकीचे नट मला दोन्ही हातांनी जेमतेम उचलत. तो एका हातानं गरगर फिरवायचा आणि समोरच्याच्या अंगापासून बोटभर अंतरावर थांबवायचा. "मारणं कुणालाही जमतं रे, थांबवता आलं पाहिजे," असं तो नव्या पोरांना सांगे. त्याचं नाव ऐकून मद्रासहून सिनेमावाले आले. तेव्हा कन्नड चित्रपट तिकडेच बनत. मला धोतरात गुंडाळून तो रेल्वेत बसला.

त्यानं भीम केला, राक्षस केले, दरोडेखोर केले. बेंगळुरूच्या थिएटरबाहेर त्याचं भलंमोठं चित्र लागायचं, तेव्हा त्याच्या खांद्यावर मी असायचे. माझा तोरा काय विचारता! लोक बोटं दाखवायचे, ती त्याच्याइतकीच मलाही.

मग जयकीर्ती आला. देखणा नायक, पण गदा धरायची कशी तेही ठाऊक नाही. एका चित्रपटात तो राजा होता आणि नंजय्या राक्षस. कॅमेरा सुरू झाला. महाराज तोऱ्यात सिंहासनावरून उतरले, स्वतःच्याच रेशमी सोवळ्यात पाय अडकला आणि तोंडावर आपटले. मनगट मोडलं. मी तेव्हा चार हात लांब होते! दिग्दर्शकानं पाहिलं, दिवे धरणाऱ्यांनी पाहिलं. पण नायक सोवळ्यात अडकून पडला म्हणून हसं झालं असतं ना? जयकीर्ती कण्हत म्हणाला, "नंजानं खरंच हाणलं." कुणी तोंड उघडलं नाही. सगळ्यांच्या चुली नायकाच्या जिवावर पेटत होत्या. चोर तो चोर, वर शिरजोर!

ते पेपरात छापून आलं, आणि नंजय्या पडद्यावर दिसला की लोक चपला फेकू लागले. एका रात्री घराच्या काचा फुटल्या. खरं मारणाऱ्या नटाला काम कोण देणार? शेवटी तो मंड्याकडच्या आपल्या होन्नेकट्टे गावी परतला. तिथंही त्याला 'मनगटमोड्या' म्हणू लागले. त्याची बायको गौरम्मा माझ्यावर डाफरायची.

"ही माझी सवत! हिनं घराचं वाटोळं केलं. आजच चुलीत घालते."

"घाल," नंजय्या म्हणायचा. "पण आधी तिला विचार, तिनं कुणाला मारलंय का?"

गौरम्मानं जाळलं नाही, पण गोठ्यात नेऊन टाकलं. माझं पितळ हिरवं पडलं, माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. गुरांचे खुंट ठोकायला मला घेत. दर खुंट मी जयकीर्तीचं टाळकं समजून ठोकला. त्यामुळे ते काम मला आवडायचं, हे मान्य करते.

एका वर्षी गावदेवीच्या जत्रेत कुरुक्षेत्राचं नाटक ठरलं. आमच्याकडे जो जास्त वर्गणी देतो त्याला मोठी भूमिका मिळते, आणि सगळ्यांत महाग असतो दुर्योधन. तो घेतला जयकीर्तीनं. आता पोट सुटलं होतं, आमच्याच भागातून निवडणूक लढवायची होती. भीम मात्र नंजय्यालाच द्यावा लागला. तेवढा आवाज दुसऱ्या कुणाला नव्हता.

नाटक बसवणारे पेटीमास्तर हात जोडून जयकीर्तीला म्हणाले, "अण्णा, पुठ्ठ्याची गदा करवून घेतो. पुन्हा काही झालं तर?"

"पुठ्ठ्याच्या गदेनं मेलेला दुर्योधन कोण बघेल?" जयकीर्ती हसला. "खरीच आणा."

अण्णांचं काळीज बघा, म्हणून गाव खूश. नंजय्या मात्र घरी येऊन चिंच लावून माझं पितळ घासत बसला.

उजाडता उजाडता मांडी फोडायचा प्रसंग आला. जयकीर्ती ऐटीत आडवा झाला. नंजय्यानं मला उंच उचललं. 'मोड,' मी मनात ओरडले, 'मोड एकदाची!' पण त्यानं मला तिथंच रोखलं आणि भीमाच्या आवाजात गरजला, "दुर्योधना, ऊठ आणि पळ! मद्रासला मी तुझं मनगट मोडलं म्हणतोस. मग आज तुझी मांडी सोडेन होय?"

पेटी थांबली. जयकीर्ती कुजबुजला, "नंजा, हे नाटकात नाही. आटप."

तेवढ्यात बायकांतून गौरम्मा उठली. "अहो साहेब, पळा की! मनगटमोड्या आहे तो! भीती नाही वाटत?"

लोक हसले. जयकीर्ती अर्धा उठला. पण सगळं गाव बघत होतं. पळालेल्या दुर्योधनाला मत कोण देणार? तो पुन्हा आडवा झाला. "मी पळणार नाही. तो मारणार नाही."

"कशावरून?"

"अगं बाई, तो कधी कुणाला मारतच नाही!" तो खेकसला, आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

गौरम्मा सोडते होय? "मग मनगट कुणी मोडलं?"

मी त्याच्या मांडीवर टांगलेली. तो माझ्याकडे बघत राहिला. शेवटी पुटपुटला, "सोवळ्यात पाय अडकून मी पडलो."

मग मागून शिट्टी आली आणि आरोळी उठली, "वन्स मोर!" आमच्याकडे वन्स मोर आला की मेलेल्या दुर्योधनालाही उठून पुन्हा म्हणावं लागतं. पेटीमास्तरांनी मुकाट्यानं सूर दिला. जयकीर्तीनं पुन्हा म्हटलं. मागच्यांना ऐकू आलं नाही, म्हणून तिसऱ्यांदा म्हटलं, मोठ्यानं. गौरम्मा पदरात तोंड लपवून रडत होती.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, त्यांना गोठ्यात टाकू नका. आणि आपलं पाप मुक्या वस्तूवर ढकलू नका. आम्हाला बोलता येत नाही, पण आमची वाट बघायची तयारी असते. आता मी घरात देवळीशेजारी असते आणि गौरम्मा स्वतः मला पुसते. फक्त त्याची मांडी मोडायची राहिली, याचं मला अजून वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू?